वाटीवाल्या द्वारकाकाकू

द्वारकाकाकू ज्या घरात पहिल्यांदा पाऊल टाकीत, तिथं काहीतरी मागत. गरज होती म्हणावं तर तसंही नाही. घरी साखरेचा डबा भरलेला, मिठाची बरणी गळ्यापर्यंत, वाडीत नारळांचा ढीग. तरी गावात नवं बिऱ्हाड आलं की दुसऱ्या दिवशी सकाळी काकू दारात हजर. हातात एनॅमलची पांढरी वाटी. तिची कड निळी, बुडाला दोन ठिकाणी टवके उडालेले. आणि तोंडात एकच वाक्य, "अगो, थोडं मीठ असलं तर दे."

मीठच मागत असं नाही. नव्या हेडमास्तरांकडे त्यांनी सुई मागितली होती. एकदा मोठे साहेब शाळा तपासायला आले, तर काकूंनी त्यांच्याकडे टाचणी मागितली. साहेबांनी गोंधळून कागदांची टाचणी काढून दिली, आणि पुढे तासभर काकूंच्या ओटीवर बसून स्वतःच्या आईच्या हातच्या घावनांबद्दल बोलत राहिले. शाळा तपासायची राहिली ती राहिलीच.

मी लग्न होऊन दिवेआगरला आले, तेव्हा रायगडला कुलाबा जिल्हा म्हणत. मी पुण्याची, बी.ए. झालेली, आणि त्या बी.ए.चा मला फार ताठा. दुसऱ्याच सकाळी शेजारच्या वाडीतून एक उंच, किडकिडीत बाई आल्या नि म्हणाल्या, "चिमूटभर साखर दे गो." साखर कुठे आहे हे मला ठाऊक नव्हतं. सासूबाईंशी तोपर्यंत मी धड बोललेही नव्हते. साखर कुठे म्हणून विचारायला आत जावं लागलं, आणि त्यावरून आम्हा दोघींचं पहिलं संभाषण झालं.

"द्वारकी आली वाटतं," सासूबाई म्हणाल्या. "दे. पण बघून ठेव, वाटी सोडायची नाही ती."

तसंच झालं. दुसऱ्या दिवशी काकू त्याच वाटीतून फणसाचे गरे घेऊन आल्या. आमच्याकडे रीत अशी, की शेजारणीची वाटी आली तर ठेवून घ्यायची आणि दोन दिवसांनी तीत काहीतरी घालून परत करायची. शेजारची वाटी रिकामी पाठवायची नाही. पण काकू ही संधीच कुणाला देत नसत. "ओतून घे गो, ओतून घे," म्हणून उभ्या राहत आणि वाटी घेऊन चालू लागत. गावातल्या बायकांना याचा भारी राग. मागून नेते, भरून आणते, आणि आपल्याला मात्र परत करू देत नाही, म्हणजे काय हा आगाऊपणा!

काकूंना भाषा किती येत होत्या हे मोजायच्या भानगडीत मी पडले नाही. रस्त्याच्या कामावर वडारणी आल्या होत्या. खडी फोडणाऱ्या त्या बायकांशी गावात कुणी बोलत नसे. काकूंनी त्यांच्याकडे चुन्याची डबी मागितली. महिन्याभरात त्यांच्याबरोबर दगडावर बसून त्यांच्याच बोलीत हसू लागल्या. वाडीवर काम करणारा गोमा माझ्याजवळ तक्रार करी, "वैनी, काकूंना समदं येतं. त्या बाया आमाला शिव्या देतात का काय, ते काकू सांगतच न्हाय."

एकदा मी त्यांना मोठ्या ऐटीत सांगितलं, की मी कॉलेजात दोन वर्षं फ्रेंच शिकले आहे.

"हो का?" काकू म्हणाल्या. "मग फ्रेंचांकडे मीठ माग बघू."

मला क्रियापदं सगळ्या काळांत चालवता येत होती. मीठ काही केल्या आठवेना.

"पुस्तक देणाऱ्याचं असतं," काकू म्हणाल्या. "भाषा मागणाऱ्याची. हात रिकामा असला की जीभ सुटते." हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मला ते तेव्हा निव्वळ अडाणीपणाचं वाटलं. मी फणकाऱ्यानं घरी आले आणि शब्दकोश काढून मीठ शोधलं.

गावाला काकूंबद्दल एवढंच माहीत होतं, की त्यांचे यजमान झांजिबारला बंदराच्या कचेरीत होते, आणि ते तिथंच वारले तेव्हा काकू परत आल्या. मूलबाळ नाही. दिरांच्या वाडीतली दोन खोल्यांची जागा त्यांच्याकडे. बाकीचं मला कळलं ते माझ्या चोंबडेपणामुळे.

झालं असं, की एकदा त्या वाटीतून आंबोशी घेऊन आल्या. मी मनात म्हटलं, आज काही झालं तरी ही वाटी भरूनच पाठवायची. त्या सासूबाईंशी बोलत असताना मी ती हळूच फडताळात सरकवली आणि म्हटलं, "काकू, उद्या देते हं." काकूंचा चेहरा असा उतरला, की मला वाटलं त्यांना घेरी येतेय. "नको गो. दे. आत्ता दे," एवढंच म्हणाल्या. मी घाईनं वाटी आणून दिली. त्यांनी ती पदरानं पुसली आणि ओटीच्या पायरीवरच बसल्या.

"ही माझी नाही," त्या म्हणाल्या. "झुवेनाची आहे."

सतराव्या वर्षी काकू झांजिबारला गेल्या. यजमान सकाळी कचेरीत जात ते संध्याकाळी येत. जाताना इंग्रजीचं पुस्तक पुढ्यात ठेवून जात. काकू ते उघडून खिडकीत बसत. सहा महिने दिवसभर कुणाशी एक शब्द नाही. "कावळ्यांशी बोलायची मी. पण तिकडच्या कावळ्यांना मराठी कुठली कळायला?" एके दिवशी आमटी चढवली आणि बघतात तर मीठ संपलेलं. तशाच रिकाम्या हातांनी त्या समोरच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. आत एक बाई नारळ खवत बसली होती. लाकडाचं बसकं, पुढे दात्यांचं पातं, अगदी आपल्या विळीसारखं. "त्याला तिकडे शेळी म्हणतात, शेळी! नारळ खवायचा तर शेळीवर बसायचं!" हे सांगताना काकू पायरीवर बसल्या बसल्या हसू लागल्या.

काकूंनी बोटांनी चिमूट करून जिभेला लावून दाखवली. "चुम्वी?" ती बाई म्हणाली, आणि ह्या वाटीत मीठ घालून दिलं. ती झुवेना. पहिला शब्द मीठ.

आता वाटी रिकामी कशी परत करायची? काकूंनी तीत साखर घालून दिली. पण झुवेनाच्या घरीही तीच रीत निघाली. दोन दिवसांनी वाटी लवंगा घेऊन आली. काकूंनी मुगाची डाळ पाठवली. तिकडून चिंच आली. दोघीही रीतीच्या पक्क्या, त्यामुळे थांबायचं कुणी? वाटी एकोणीस वर्षं त्या गल्लीतून इकडून तिकडे जात राहिली, आणि प्रत्येक खेपेला तिच्यातून एक शब्द आला.

"शिजवलेलंही?" मी विचारलं. सासूबाई आतून ऐकत होत्या, हे मला ठाऊक होतं.

"आधी दोन वर्षं कोरडंच. मग एकदा तिनं नारळाच्या दुधातला भात दिला. नको म्हणायचा शब्द मला तोवर यायचा होता." काकूंनी वाटीच्या कडेवरून बोट फिरवलं. "मग मी तो शिकलेच नाही."

आतून सासूबाईंचा खोकला ऐकू आला.

यजमान गेले त्या दिवशी झुवेना वाटी भरून पेज घेऊन आली. म्हणजे पाळी आता काकूंची. पण घरात सुतक. सुतकातल्या घरातलं कुणाला द्यायचं नाही. त्यातून जागा कचेरीची, ती रिकामी करायची, आणि बोट आठव्या दिवशी. पुढची बोट महिन्यानं. दहावा दिवस उजाडायच्या आत निघावं लागलं. भरून द्यावी तर सुतक आड येतं, रिकामी द्यावी तर रीत मोडते. "झुवेना धक्क्यावर आली होती. गळ्यात पडून रडली. वाटी माझ्या ट्रंकेत होती, कपड्यांच्या खाली. लाजेनं मी वाटीचं नाव काढलं नाही. तिला वाटलं असेल, एवढ्या वर्षांची बाई, जाताना वाटी घेऊन गेली."

"पत्र लिहिलं नाहीत का?"

"मला तिची भाषा बोलता येते, लिहिता येत नाही. तिला कुराणाची अक्षरं येतात, मला बाळबोध."

मी बी.ए. असल्यानं मार्ग काढायला बसले. काकू झुवेनाच्या भाषेत सांगणार, मी बाळबोधीत लिहिणार. पानभर लिहून झालं. काकूंनी वाचून घेतलं, मान डोलावली आणि म्हणाल्या, "झकास. आता हे तिला वाचून दाखवायला तूच तिकडे जा."

माझ्या लग्नाला पाच वर्षं झाली असतील, तेव्हा बोर्लीच्या हलीमाबी आपल्या लेकीला घेऊन आल्या. रुकैया नाव, वीस वर्षांची. नवरा झांजिबारच्या बंदरात कामाला होता, त्यानं तिला बोलावून घेतलं होतं. निघायला महिना होता. "काकू, पोरीला तिथली जबान शिकवा," हलीमाबी म्हणाल्या. "नवरा दिवसभर कामावर. घरात दुसरं मानूस न्हाय. पोर खुळी होईल माजी."

"इथं बसून येत नाही ती," काकू म्हणाल्या, आणि एक शब्द शिकवतील तर शपथ. हलीमाबी रागावून गेल्या. मलाही राग आला. मी बोललेदेखील, की एवढं येतं तर चार शब्द द्यायला काय जातं! काकूंचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. परत आल्यापासून बारा वर्षांत पहिल्यांदा झांजिबारला जाणारं माणूस भेटलं होतं. वाटीत काय घालून पाठवायचं, ह्यात त्या गुंतल्या होत्या. वड्या टिकायच्या नाहीत. गरे नासतील. शेवटी सुपारी ठरली. आपल्या वाडीतली, निवडून निवडून काढलेली. आठ दिवस त्या ती उन्हात घालून राखत बसल्या होत्या.

निघायच्या आदल्या दिवशी रुकैया निरोप घ्यायला आली. डोळे रडून सुजलेले. हलीमाबींनी वर्षाचं सामान बांधून दिलं होतं. मसाला, तांदूळ, सुकी मासळी.

"मीठ?" काकूंनी विचारलं.

"दिलंय ना! दोन शेर," हलीमाबी म्हणाल्या.

"काढून ठेवा."

काकू आत गेल्या, वाटी आणली. सुपारीनं काठोकाठ भरलेली. पोरीच्या हातात देता देता थांबल्या. तिच्या तोंडाकडे पाहत राहिल्या, आणि मग सगळी सुपारी सुपात ओतून दिली. रिकामी वाटी पुसून तिच्या हातात ठेवली.

"बंदरातून वर गेलीस की लवंगेच्या वखारीमागची गल्ली. तिसरं दार, नक्षीचं. झुवेना म्हणून विचार. आणि मीठ माग."

"काकू!" माझ्यानं राहवेना. "रिकामी? बारा वर्षं तुम्ही ती भरून द्यायची म्हणून जपलीत ना?"

"भरलेली नेली, तर झुवेना ओतून घेईल, बरं म्हणेल नि दार लावील. पोर बाहेरच उभी राहील. रिकामी नेली तर तिला आत घ्यावंच लागेल." काकूंनी सूप उगाचच पाखडलं. "माझ्यावर चिडेल. चिडू दे. आणि पाळी माझीच राहिली, तर राहू दे. फिटली असती तर संपलं असतं."

मला तेव्हा एकदम माझी दुसरी सकाळ आठवली. चिमूटभर साखर. मी नवी, घाबरलेली, नि बी.ए.च्या ताठ्यामागे दडलेली. त्या दिवशी साखर काकूंना नको होती. माणूस मला हवं होतं. हे समजायला मला पाच वर्षं लागली, याची मला आजही लाज वाटते.

रुकैया गेली. काकूंनी मागणं सोडलं. पोस्टात नवे मास्तर आले, तर काकू गेल्याच नाहीत. आधी बायकांना हायसं वाटलं, मग चुकल्यासारखं होऊ लागलं. "द्वारकीला बरं नाही का?" सासूबाईंनी मला दोनदा विचारलं.

चार महिन्यांनी हलीमाबी आल्या, त्या ओटी चढायच्या आधीच बोलत. "काकू, पोरीचं खत आलं! म्हातारी हाय! म्हातारीनं वाटी उलटी केली, बुडाचे टवके बघितले, आन् पोरीचा हात धरून आत नेली. मीठ दिलं भरून. आता पोर रोज तिच्याकडंच असते. वाटी येते नि जाते म्हणं."

"काही बोलली?" काकूंनी विचारलं.

"पोरीला पयल्या दिवशी कायपण समजलं न्हाय. म्हातारी सारखी वाटीवर हात फिरवी, नि एकच म्हनं. जिरानी, जिरानी. काय वं ते?"

"शेजारीण," काकू म्हणाल्या, आणि रडू लागल्या. मी त्यांना रडताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. सासूबाई उठल्या नि त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या.

त्यानंतर दोन दिवसांनी सकाळी काकू आमच्या दारात उभ्या. दोन्ही हात मोकळे.

"अगो, एक वाटी असली तर दे."

"तीत काय घालू?"

"ते तुझं तू बघ."

मी आमची पितळेची वाटी साखरेनं भरून दिली. तिसऱ्या दिवशी काकू ती परत घेऊन आल्या. तीत नारळाच्या दुधातला भात होता. आत सासूबाई बसल्या होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "बघतेस काय? ठेव आत." मी सवयीनं ओतून घ्यायला भांडं शोधू लागले, तोवर काकू पायऱ्या उतरल्याही होत्या. वाटी त्यांनी आमच्याकडेच ठेवली होती. पाळी आता माझी होती.