शैलजाच्या वाफा

अमेरिकेतल्या नेपरव्हिलच्या त्या ऐसपैस घरात दिवसभरात फोन एकदाच वाजायचा, आणि तोसुद्धा शैलजाच्या अंगातून गरम वाफा निघाल्या का, हे विचारायला.

मेनोपॉजचा त्रास सुरू झाला तेव्हा तिने नवऱ्याला सांगून पाहिलं होतं. "एसी वाढव ना," असा तोडगा काढून कुमार सोमवारच्या विमानाने क्लायंटकडे निघून गेला. लेक राधिका कॅलिफोर्नियात शिकत होती. "मॉम, आय ॲम इन क्लास!" यापलीकडे तिची गाडी जात नसे. हार्मोनच्या गोळ्यांनी कॅन्सरचा धोका वाढतो असा गदारोळ झाल्यापासून डॉक्टर मंडळी वाफांवर दुसरं औषध शोधत होती. अशाच एका अभ्यासात शैलजाने नाव घातलं. गोळी घ्यायची, छातीवर घाम मोजणारं छोटं यंत्र बाळगायचं, वाफ आली की त्याचं बटण दाबायचं आणि दुपारी नर्स लिंडाचा फोन आला की तिला सांगायचं.

"शैला, आज कशी आहेस?" लिंडा विचारायची. हे शैलजाला कित्येक महिन्यांत कुणी विचारलं नव्हतं. मग वाफांवरून गप्पा भाजीवर आणि भाजीवरून नागपूरच्या उन्हाळ्यावर जायच्या.

जानेवारीत वाफा थांबल्या. दुसऱ्या एखादीने देवापुढे साखर ठेवली असती, शैलजा मात्र हिशोब करत बसली. वाफा नाहीत म्हणजे अभ्यास नाही, अभ्यास नाही म्हणजे फोन नाही!

तिने वाफा घरीच करायला घेतल्या. हीटिंग चढवलं, स्वेटरवर शाल घेतली, जिन्यावर धावली. बाहेर बर्फ पडत होता आणि ही आत निथळत होती. तेही पुरेना, तेव्हा ठेच्यासाठी तव्यावर हिरव्या मिरच्या भाजायला टाकल्या. स्मोक अलार्म कोकलला, शेजारणीने फायर ब्रिगेड बोलावली आणि हेल्मेट घातलेले आडदांड गडी डोळे पुसत तव्याभोवती उभे राहिले.

"मॅम, व्हॉट इज धिस?"

"चटणी," शैलजा म्हणाली आणि त्या गडबडीतही तिने बटण दाबलं.

यंत्रातल्या नोंदी पाहून डॉक्टर चक्रावले.

"इतक्या वाफा कुणालाच आल्या नाहीत," लिंडाने फोनवर सांगितलं. "तुझी केस परिषदेत मांडायची म्हणताहेत."

आता मात्र शैलजाचं धाबं दणाणलं. आपल्यापायी हजारो बायकांच्या औषधाचा घोळ व्हायचा!

"लिंडा, वाफा केव्हाच थांबल्यात. बाकी सगळा ठेचा होता."

"मग तुझं नाव काढावं लागेल. पण केलंस कशाला हे?"

"तुझा फोन बंद झाला असता ना," शैलजा रडवेल्या आवाजात म्हणाली. "दिवसभर दुसरं कुणी बोलत नाही गं माझ्याशी."

"शैला, मीही एक लपवलंय. अभ्यासाचा फोन आठवड्यातून एकदाच करायचा असतो."

"मग हा रोजचा?"

"जेवणाच्या सुट्टीत करते. नवरा गेल्यापासून एकटीला सँडविच घशाखाली उतरत नाही. तू बोलत असलीस की उतरतं."

शैलजाचे कान, गाल, कपाळ, सगळं तापलं. सवयीने बोट बटणाकडे गेलं, पण तिने ते दाबलं नाही.

"शनिवारी घरीच ये जेवायला," ती म्हणाली. "ठेचा करते. येताना रुमाल मात्र आण."