जावईबापूंचा बंदोबस्त

"अकरा वाजता माझी ऑनलाइन मुलाखत आहे. एवढ्या वर्षांनी नोकरीचा योग आलाय," बायकोने सकाळीच बजावलं. "तेवढा वेळ बाबांचे कुस्तीचे व्हिडिओ आवर. ते लागले की नेट रांगतं."

सासऱ्यांना तोंडावर सांगायची जावईबापूंची छाती नव्हती. पण ऑफिसातले राउटर सांभाळणं हीच त्यांची भाकरी होती. त्यांनी ऑफिसात बसूनच घरचा राउटर उघडला आणि कोणाला नेट द्यायचं त्याच्या यादीत एक ओळ लिहिली: सासऱ्यांचा फोन, अडवा.

ही यादी म्हणजे दारावरचा खडूस पहारेकरी. वरून खाली एकेक ओळ वाचतो आणि ज्याचा उल्लेखच नाही त्याला हाकलतो. म्हणून शेवटी "बाकीच्यांना सोडा" असं लिहावंच लागतं. नवख्यांना हे घोकून घोकून शिकवणारे जावईबापू आज स्वतःच ते विसरले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

बटण दाबलं मात्र, समोरची स्क्रीन गोठली. पहारेकऱ्याने सासऱ्यांना अडवलं, बायकोला अडवलं आणि नेमणूक करणाऱ्या जावईबापूंनाही बाहेर काढलं. आता यादी घरी जाऊनच दुरुस्त होणार होती. बायकोने मुलाखतीसाठी फोन बंद ठेवलेला, आणि सासऱ्यांना फोन करून हे सांगायची छाती कुठली?

"काय झालं हो? एवढा घाम?" शेजारच्या टेबलावरून विचारणा झाली.

"घरी आग लागलीय."

"अरे बापरे! कुठे?"

"अजून नाही लागली. मी पोचलो की लागेल."

स्कूटर दामटत ते घरी पोचले, तर बंद दारासमोर सासरे खुर्ची टाकून बसलेले.

"बाबा, सरका! नेट बंद आहे!"

"हळू बोला. आत मुलाखत चाललीय. वायफायने मान टाकली, तेव्हा माझ्या फोनचं नेट दिलं तिला. कुस्ती काय, उद्याही बघता येते."

जावईबापूंचा जीव भांड्यात पडला. मग फार लाज वाटली.

"बरं, मला तरी आत सोडा."

"कोणालाही सोडायचं नाही, असं सांगितलंय तिने."

"अहो, मी घरचा माणूस!"

"असाल. पण तुमचं नाव वेगळं काढून सांगितलेलं नाही."

जावईबापू पायरीवर टेकले.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. "मिळाली नोकरी!" बायको ओरडली. मग तिची नजर पायरीवर गेली. "अरे, तू इथे कसा? आणि वायफायला काय झालं होतं?"

जावईबापू वाकून बुटाची नाडी बांधू लागले.

"जुनं झालंय ते," सासरे म्हणाले. "हे बिचारे तुझ्या काळजीने धावत आले."

संध्याकाळी यादी नव्याने लिहिली गेली. पहिलीच ओळ होती: सासऱ्यांचा फोन, सोडा. कुस्ती दणक्यात सुरू झाली आणि जावईबापू आपण होऊन शेजारी जाऊन बसले.