आओरिता: व्याख्या, व्याप्ती आणि थकबाकी

मनुष्यजातीने लावलेल्या शोधांत 'नाही' या शब्दाइतका गैरसोयीचा शोध दुसरा नसेल. ज्या समाजात तो सर्रास वापरला जातो तिथे कोर्टकचेऱ्या वाढतात, सोयरिकी तुटतात आणि जेवणाची आमंत्रणं आटतात. मेक्सिकोतल्या सान इलारिओन या डोंगराळ गावाने ही आपत्ती पिढ्यानपिढ्या यशस्वीपणे टाळली होती. त्यासाठी गावाला ना पोलीस लागले ना पंचायत. एकच शब्द पुरला: आओरिता.

या शब्दाची जडणघडण साधी आहे. 'आओरा' म्हणजे आता. सोन्याचं जसं लाडाने सोनुलं होतं, तसं आओराचं आओरिता होतं. तर्काने पाहिलं तर इवलासा 'आता' हा मोठ्या 'आता'पेक्षा लवकर यायला हवा. प्रत्यक्षात शब्दाचा लाड जितका जास्त, तितका तो माणसासारखाच आळशी होतो. (याहून लाडका 'आओरितिता' हा प्रकारही आहे. तो खरोखर ताबडतोब असतो असं म्हणतात. खात्री करून घ्यायला थांबलेले लोक अजून परतलेले नाहीत.)

गावाचं असं सुरळीत चाललेलं असताना नव्या नगराध्यक्षा ग्रिसेल्दाबाई यांच्या स्वयंपाकघरातला नळ गळू लागला. मिस्त्री आओरिता येतो म्हणाला आणि आलाही. मधल्या काळात न्हाणीघरातला नळही गळू लागला होता. मिस्त्रीने दोन्ही नळांकडे समाधानाने पाहिलं आणि बाईंना समजावलं, की आधी आलो नाही तेच बरं झालं, नाहीतर दोन खेपा पडल्या असत्या. या युक्तिवादात खोट काढता येत नव्हती आणि बाईंना नेमका त्याचाच संताप आला. त्या नुकत्याच मोठ्या शहरातून वेळेच्या नियोजनाचं शिबिर करून आल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नगरपालिकेत 'कालनिश्चिती कक्ष' स्थापन केला. कक्षप्रमुखपदी एवोदिओ बार्रालेस यांची नेमणूक झाली, कारण त्या सकाळी कार्यालय उघडण्याच्या वेळेला तेच एकटे कार्यालयात सापडले. (आदल्या दिवशी विसरलेली छत्री न्यायला ते आले होते. वक्तशीरपणाचा डाग एकदा लागला की जात नाही.)

एवोदिओ हे पन्नाशी उलटलेले, इस्त्रीच्या शर्टातले सज्जन गृहस्थ. गाव त्यांना साहेब म्हणत असे. त्यांनी ही नेमणूक इतक्या आनंदाने का स्वीकारली हे कोणाला कळलं नाही. कारण चौकाच्या कोपऱ्यावर होतं. तिथे ओब्दुलियाबाईंची खानावळ होती. एवोदिओ रोज दुपारी तिथे घेवड्याचं कालवण आणि मक्याच्या पोळ्या खात. बाई विधवा होत्या, हाताला चव होती, जिभेला धार होती. दोन वर्षांमागे कान्देलारियाच्या सणाला, जेव्हा गावभर मक्याच्या पिठाचे तमाल पानात गुंडाळून वाफवले जातात, एवोदिओंनी सगळा धीर गोळा करून त्यांना लग्नाचं विचारलं होतं. बाई हातात चिमटा घेऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "आओरिता." आणि त्यांच्या ताटात आणखी एक तमाल वाढला.

त्या जादा तमालावर एवोदिओ दोन वर्षं जगत होते. तो होकार होता की सांत्वन, हे त्यांना ठरवता येत नव्हतं. पुन्हा विचारायची हिंमतही होत नव्हती. माणसाला जे स्वतःला विचारता येत नाही, ते शासनाकरवी विचारता येतं. म्हणून तर शासनं असतात.

कक्षाने आधी पाहणी केली. शंभर नागरिकांना 'आओरिता म्हणजे केव्हा?' असं विचारण्यात आलं. नऊ जणांनी 'आता' असं उत्तर दिलं. उरलेले आओरिता सांगणार आहेत. तरीही एवोदिओंनी अहवाल पूर्ण केला आणि त्यात शब्दाचे चार अधिकृत अर्थ नोंदवले. पहिला, घडून गेलेलं: 'पाव आओरिता संपला बघा.' दुसरा, घडत असलेलं: 'आओरिता अंघोळ करतोय तो.' तिसरा, देवाच्या मनात असेल तर घडणारं. आणि चौथा, मुळीच न घडणारं, पण तुमचं मन मोडवत नाही म्हणून न सांगितलेलं. 'आणखी कॉफी घालू?' 'आओरिता.' अशा वेळी सुज्ञ यजमान किटली खाली ठेवतो.

तिसरा अर्थ चौथ्यापासून वेगळा ओळखावा कसा, या रकान्यापुढे या विषयातल्या गावातल्या सर्वांत मोठ्या तज्ज्ञाने बराच वेळ पेन धरून ठेवलं आणि शेवटी तो रकाना कोराच सोडला.

नियम मात्र रोखठोक झाला. यापुढे आओरिता म्हणजे जास्तीत जास्त अर्धा तास. आणि कलम सात: गावात पूर्वीपासून थकलेला प्रत्येक आओरिता ग्रामदैवताच्या जत्रेपर्यंत संबंधितांनी 'हो' किंवा 'नाही' यात रूपांतरित करावा. ग्रिसेल्दाबाईंनी कलम सातच्या निर्भीडपणाचं जाहीर कौतुक केलं. एवोदिओ लाजले. त्यांना वाटलं आपलं गुपित फुटलं.

अंमलबजावणी सुरू झाली आणि गावाच्या लक्षात आलं की 'नाही' कसं म्हणतात हे कोणालाच नीटसं ठाऊक नाही. कक्षाने सराववर्ग काढले. पहिल्या दिवशी लोकांनी तोंडावर हात ठेवून म्हणून पाहिलं. आठवड्याभरात जीभ सुटली. गावातल्या रोसेन्दो नावाच्या गृहस्थाने व्याह्याला सांगितलं, की तुमच्याकडे जेवायला यायचं नाही, तुमच्या मिरच्यांच्या मोले रश्श्याने पोटात आग होते. ती दोन घरं एकमेकांकडे पाहीनाशी झाली. चर्चच्या गायकवृंदात यायला अकरा वर्षं आओरिता उत्सुक असलेल्या दोन बहिणींनी एकाच सुरात नकार दिला. (तो एकच सूर लागला हे ऐकून गायकवृंदाच्या गुरुजींना अधिकच दुःख झालं.) बेकरीत पाव आहे का विचारणाऱ्या बाईला बेकरीवाला नियमाप्रमाणे 'नाही' म्हणाला, तेव्हा ती दारातच रडली. पूर्वी तो आओरिता म्हणायचा. मग ती थांबायची, आणखी दोघी यायच्या, सुनांचा विषय निघायचा आणि तेवढ्यात पाव भट्टीतून बाहेर यायचाच. आता ती घरी गेली आणि गरम पाव रिकाम्या दुकानात गार झाला.

नगरपालिकेने यालाच कार्यक्षमता असं नाव दिलं.

जत्रेच्या आदल्या आठवड्यात ओब्दुलियाबाईंनी कालवण वाढता वाढता विचारलं, "साहेब, तुमच्या त्या कलमात माझंही काही येतं का हो?"

"सगळ्यांचंच येतं, बाई," एवोदिओ ताटाकडे बघत म्हणाले.

"बरं," बाई म्हणाल्या आणि पलीकडच्या टेबलाकडे गेल्या.

त्या 'बरं'चा अर्थ एवोदिओ रोज नव्याने लावत होते. जत्रेच्या दिवशी दुपारी ते खानावळीत पोचले तर दाराला पडदा, आत गिऱ्हाईक नाही. बाईंनी त्यांच्यासाठी खुर्ची ओढली, स्वतः समोर बसल्या. या खानावळीत त्यांना बसलेलं आजवर कोणी पाहिलं नव्हतं.

"तर आज मला हो किंवा नाही म्हणायला हवं. तुमचाच नियम," बाई म्हणाल्या. "पण मला कोणी विचारल्याशिवाय मी उत्तर द्यायची नाही. दोन वर्षं झाली, प्रश्न शिळा झालाय. ताजा विचारा."

बाहेर फटाके वाजत होते. एवोदिओंनी घसा साफ केला. त्यांच्या डोळ्यांपुढून रोसेन्दोचा व्याही गेला, दारात रडणारी बाई गेली, गायकवृंदाचे गुरुजी गेले. 'नाही' ऐकलं तर उद्यापासून दुपारी जायचं कुठे? दोन वर्षांची ती बारीकशी ऊब, रोजचं कालवण, पलीकडे चाललेला बाईंचा आवाज, सगळं एका शब्दावर उभं. त्यांना स्वतःची दया आली, मग लाज वाटली.

"विचारा की," बाई हळूच म्हणाल्या.

"आओरिता," एवोदिओ म्हणाले.

बाई हसल्या, अगदी पोटातून, डोळे पुसत हसल्या. "साहेब," त्या म्हणाल्या, "नियमाप्रमाणे तुम्हाला अर्धा तास आहे. मी कॉफी ठेवते."

कॉफी झाली. हवापाण्याचं बोलणं झालं. अर्धा तास झाला, तासही झाला. एवोदिओ उठले, टोपी घातली आणि चौक ओलांडत निम्म्यावर आले तेव्हा त्यांना आठवलं, की बाईंच्या कानात आज सोन्याच्या नक्षीच्या बाळ्या होत्या, बायका फक्त लग्नाकार्याला घालतात त्या. खानावळीत शेगडीपाशी त्या कोणी घालत नाही. त्यांचे पाय तिथेच थबकले. परत जावं, आत्ताच्या आत्ता जावं, असं त्यांना इतकं तीव्रपणे वाटलं की ते मागे वळलेही. पण जत्रेची मिरवणूक नेमकी मध्ये आली, आणि मिरवणूक सरेपर्यंत ती तीव्रता सरली.

कालनिश्चिती कक्ष बंद करण्याचा ठराव एकमताने मंजूर झालेला आहे. अंमलबजावणी आओरिता होईल. गावात पुन्हा सलोखा आहे, बेकरीपुढे बायका उभ्या असतात, आणि एवोदिओ रोज दुपारी कालवण खातात. ते उद्या विचारणार आहेत. बाळ्या डब्यात आहेत.

आपल्यात असलं काही नसतं, हे वाचकांच्या मनात आलंच असेल. आपली भाषा नेमकी आहे आणि आपण दिल्या शब्दाची माणसं आहोत. तेव्हा या गोष्टीचा पहिलाच परिच्छेद वाचत असताना आतून जेवायला हाक आली आणि तुम्ही 'आलोच' म्हणालात, त्या 'आलोच'चा अर्थ तुम्हाला वेगळा सांगायला नको. ताट कधीचं वाढलंय. समोर कोण बसलंय आणि त्यांच्या कानात आज काय आहे, ते एकदा उठून बघा.