पावसाला रकाना नाही

धावती गाडी ब्रेक दाबल्यावर किती अंतरात थांबते हे मोजायचे, तर रस्ता कोरडा, वारा पडलेला आणि हवा पंचवीस अंशांची लागते. असे हवामान चाचणी केंद्राला वर्षातून अकरा दिवस लाभते. उरलेल्या दिवसांना केंद्राच्या दप्तरी ‘अमान्य हवामान’ म्हणतात.

त्या मंगळवारी मान्य हवामान सकाळी साडेनऊलाच संपले आणि पाऊस आला. चाचणी चालक मात्र ट्रॅकवरून हलला नाही. कारण घरगुती होते. त्याच्या धाकट्या बहिणीने हीच गाडी बुक केली होती, तीही त्याच्या शिफारशीवरून. कोरड्यात चाळीस मीटरांत थांबलेल्या गाडीने ओल्यात त्र्याहत्तर मीटर घेतले आणि वाटेतले नोंदणीचे टेबलही घेतले. नोंदणी कारकून वेळीच पळाला म्हणून बचावला.

अहवाल पाहून साहेब उखडले. “पावसात चाचणी घ्यायला कोणी सांगितलं होतं?”

“लोक पावसातही गाडी चालवतात, साहेब.”

“ते त्यांचं बघतील. आपल्या फॉर्ममध्ये पावसाला रकाना नाही.”

प्रकरण समितीकडे गेले. तीन बैठकांनंतर गाडी निर्दोष ठरली आणि ट्रॅक बेशिस्त. ट्रॅकला कारणे दाखवा नोटीस निघाली. ती ओल्या डांबरावर चिकटेना, म्हणून ट्रॅकवर छप्पर घालण्यात आले. छपराखाली गाडी अडतीस मीटरांत थांबली. जाहिरातीत आकडा ठळक छापला गेला.

“आणि छपराबाहेर?” चालकाने विचारले.

“छपराबाहेर म्हणजे आपल्या कार्यकक्षेबाहेर,” साहेब म्हणाले.

चालकाने तडक बहिणीला फोन लावला. “ती गाडी घेऊ नकोस. पावसात थांबता थांबत नाही.”

“दादा, आत्ताच सह्या करून आले. चौदा कागद होते.”

“नववा वाचलास?”

“कोण वाचतं? तू तुझ्या गाडीचा वाचला होतास?”

नवव्या कागदावर बारीक अक्षरात लिहिलेले असते: ‘मी ही गाडी फक्त मान्य हवामानात चालवीन. इतर वेळी जे घडेल, ते माझ्या राजीखुशीने घडेल.’

तुम्ही हसताय. हसा. पण तुमच्या गाडीचे कागद कपाटात कुठे आहेत ते एकदा शोधा आणि नववा काढा. खालची सही ओळखीची वाटेल.