गोपनीय चकती

गॅसवर दूध तापत ठेवून सासूबाई बाल्कनीत शेजारीणकाकूंशी निवांत गप्पा मारत होत्या, हे पाहून कुलूपसाहेब चपला न काढताच स्वयंपाकघरात धावले. दूध ठेवलं की सासूबाई ओट्यापासून हलत नसत. साहेबांनी पातेल्यात डोकावून पाहिलं. दूध खळखळा उकळत होतं, वर मात्र येत नव्हतं. तळाशी काहीतरी खुडखुडत होतं.

कुलूपसाहेब हे त्यांचं विद्यापीठातलं नाव. हुद्दा तंत्रज्ञान हस्तांतरण अधिकारी. प्राध्यापकांनी लावलेले शोध कंपन्यांच्या गळ्यात मारायचे, आणि पेटंटचा अर्ज जाईपर्यंत त्यातलं अवाक्षर बाहेर फुटू द्यायचं नाही, हे त्यांचं काम. दुसरं काम ते उत्तम करत. पहिलं सहा वर्षांत एकदाही जमलं नव्हतं. यंदा करार झाला नाही तर वसतिगृहाच्या खोल्या वाटायला बसवीन, असं संचालकांनी स्वच्छ सांगितलं होतं. सगळी आशा दूध उतू जाऊ न देणाऱ्या एका चकतीवर होती. शुक्रवारी कंपनीचे साहेब ती बघायला येणार होते आणि सोमवारी अर्ज जायचा होता.

अर्जासाठी आकृती काढायची म्हणून साहेबांनीच ती घरी आणली होती. सासूबाईंनी डबा घासायला घ्यायला बॅग उघडली आणि डब्यासोबत चकतीही घासून टाकली.

"आई, ही वस्तू गोपनीय आहे."

"असेल. पहिल्यांदा ठेवली तर दूध उतूच गेलं. मग मी जरा डोकं चालवून..."

"ते राहू द्या. आधी सही करा."

गुप्ततेचा करार चार पानी होता. आजवर एकाही प्राध्यापकाने तो वाचला नव्हता. सासूबाईंनी चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि मगच सही केली. शेजारीणकाकूंनी न वाचताच केली, पण मग कशावर सही केली हे त्या नवऱ्याला सांगेनात. नवरा तणतणत वर आला. त्याला समजवायचं तर त्याचीही सही घेणं आलं. त्याने घरी जाऊन बहिणीसमोर तोंड मिटून घेतलं, तशी ती आली. गुरुवारपर्यंत इमारतीतल्या अकरा जणांनी सह्या केल्या होत्या. वॉचमन तर आपणहून आला. त्याला काहीच ठाऊक नव्हतं, पण सगळ्यांना विचारलं आणि आपल्यालाच नाही, याचं त्याला वाईट वाटत होतं.

शुक्रवारी प्रयोगशाळेत, चकती बनवणाऱ्या प्राध्यापिकाबाईंनी कंपनीच्या साहेबांसमोर दूध तापवलं. ते फसफसून वर आलं आणि बर्नर विझला. दुसऱ्यांदाही तेच. मंद आचेवर चालते हो, असं बाई पुटपुटल्या. कंपनीच्या साहेबांनी बूट मागे घेतले आणि घड्याळ पाहिलं.

कुलूपसाहेबांना सासूबाईंचं ते अर्धवट तोडलेलं वाक्य आठवलं. त्यांनी बाहेर जाऊन घरी फोन लावला.

"आई, त्या दिवशी चकतीचं नेमकं काय केलंत तुम्ही?"

"ते नाही सांगता येणार."

"अहो, मी विचारतोय."

"पान तीन, जावईबापू. कोणत्याही व्यक्तीला, कोणत्याही कारणाने. त्यात जावई वगळलेला नाही."

साहेबांनी वसतिगृहाचं नाव काढलं. त्यांचा आवाज इतका पडला होता की सासूबाईंना खरंच कळवळा आला. पण सही ती सही. टॅक्सी करून येते म्हणाल्या.

अर्ध्या तासात त्या आल्या. साहेबांच्या घरच्या कपाटात उरलेला एकुलता एक कोरा करार त्यांच्या पर्समध्ये होता. प्राध्यापिकाबाईंनी सही केली. त्याखाली दाटीवाटीने कंपनीच्या साहेबांनी केली. सासूबाईंनी चकती हातात घेतली आणि मान वर केली.

"यांची सही कुठंय?"

सगळे कुलूपसाहेबांकडे बघू लागले. सगळ्या इमारतीच्या सह्या घेतल्या होत्या त्यांनी, स्वतःची तेवढी केली नव्हती. त्यांनी पेन काढलं, पण कागदावर जागाच उरली नव्हती.

"मग बाहेर थांबा," सासूबाई मायेने म्हणाल्या. "नियम म्हणजे नियम. तुम्हीच केलाय."

साहेब बाहेर आले आणि दाराला कान लावून उभे राहिले. बराच वेळ काही ऐकू येईना. मग आत खुडखुड सुरू झाली आणि थांबेचना. पाठोपाठ कंपनीच्या साहेबांचा आवाज आला. ते सासूबाईंना फार अदबीने विचारत होते, की करार करायचा तर तो कोणाशी करायचा.