दोनशे चौदा भागांचं गलबत

बायकोला 'करतो' असं कधी म्हणू नये. 'बघतो' म्हणावं. बघतो म्हणणाऱ्याचं आयुष्य सुखात जातं, हे मी बेचाळीस वर्षांच्या संसारावरून सांगतो. यंदा श्रावणात मात्र माझी जीभ घसरली. (जेवण जास्त झालं होतं. मटकीची उसळ होती.)

आमच्या घरी महालक्ष्म्या बसतात. पुण्यात त्यांना गौरी म्हणतात, पण आम्ही बार्शीकडचे, आमच्या त्या महालक्ष्म्याच. धायरीत फ्लॅट घेऊन वीस वर्षं झाली. दर वर्षी आमची बायको गोदाबाई आरास करते आणि दर वर्षी समोरच्या पद्मजाताई ती बघायला येतात. पद्मजाताई म्हणजे रिटायर झालेल्या शाळामास्तरीण. पेठेतनं धायरीला राहायला आल्या, पण येताना पेठ सामानात बांधून घेऊन आल्या. हळदीकुंकू घेतात, चष्मा पुसतात, आरास बघतात आणि म्हणतात, "वा. गेल्या वर्षीचंच जपून ठेवलंत वाटतं." बस्स. तेवढ्यावर गोदाबाई पुढचे आठ दिवस भांडी आपटते.

यंदा तिनं ठरवलं, लक्ष्मी समुद्रातनं निघाली, तर महालक्ष्म्यांपुढं समुद्रच करायचा. निळं नऊवारी लुगडं म्हणजे पाणी आणि कापूस म्हणजे फेस.

"आणि मधोमध एक गलबत पायजे," ती म्हणली. "खरं वाटलं पायजे. त्या पद्मजाताईचं तोंड एकदा तरी बंद झालं पायजे."

"मी करतो," मी म्हणलं.

मी बत्तीस वर्षं कारखान्यात फिटर होतो. शिक्षण सातवी, पण हात चांगला. गलबत म्हणजे काय, लाकूड घेऊ, तासू, असं मनात होतं. पण मुलगा आनंद मध्ये पडला. तो आयटीत आहे. (नक्की काय करतो ते मला माहीत नाही. त्याला विचारलं तर त्यालाही सांगता येत नाही.)

"अण्णा, लाकूड कशाला तासताय? किट मिळतं. प्लास्टिकचे बारीक बारीक भाग असतात, चौकटीला चिकटलेले. कापायचे, जोडायचे, रंग द्यायचा. हुबेहूब गलबत. फक्त घेण्याआधी रिव्ह्यूचे व्हिडिओ बघा. लोक खोकं उघडून सगळं समजावून सांगतात."

सूनबाई अपेक्षाचा जुना टॅब त्यानं माझ्या हातात दिला, आणि माझ्या नशिबाचा फेरा तिथं सुरू झाला.

मला तीनच गोष्टी हव्या होत्या. भाग एकमेकांत नीट बसतात का? जोडून झाल्यावर लांबी किती भरते? (आमचं टेबल तीन फुटी.) आणि शिडाच्या दोऱ्या बांधायच्या कशा? सातवी पास माणसाचे सरळ प्रश्न. उत्तराला पाच मिनिटं पुरे.

पहिला व्हिडिओ अठरा मिनिटांचा. एक पोरगं आलं. पहिली चार मिनिटं त्यानं सगळ्यांचे आभार मानले, जसं काही सोसायटीच्या निवडणुकीत निवडून आलंय. मग म्हणलं, "चला, बॉक्स ओपन करूया," आणि त्याच्या लक्षात आलं की कात्री नाही. ते कात्री शोधायला गेलं. दोन मिनिटं नुसतं रिकामं टेबल दिसत होतं. टेबल चांगलं होतं, सनमायका कुठं उडालेला नव्हता. गलबताबद्दल एवढीच माहिती मिळाली.

दुसऱ्यानं खोकं कानाशी धरून खुळखुळ हलवलं आणि म्हणला, "ऐकताय? भरपूर पार्ट्स आहेत." अरे, नारळ घेतोयस का?

तिसरा सभ्य माणूस होता. पण चष्मा न लावता बसलेला. "ही ए चौकट, ही बी, ही सी, ही डी... नाही, ही परत बीच." मग सगळं टेबलाखाली पडलं. मग तो टेबलाखाली गेला. तिथनं त्याचा आवाज येत राहिला, "क्वालिटी मस्त आहे."

चौथ्याचा कॅमेरा त्याच्या अंगठ्यावरच अडकून बसलेला. मागचा भाग धूसर, अंगठा लख्ख. लक्ष्मी रोडला गणपतीच्या गर्दीत तो अंगठा दिसला, तर मी ओळखेन.

आणि पाचवा. त्याचं नाव तेजस. त्याचे चाहते चाळीस हजार. त्यानं खोक्यावरचं इंग्रजी अडखळत वाचून दाखवलं, सूचनांचं पुस्तक उलटं धरून फडफडवलं आणि म्हणला, "गाइज, मी हे अजून बिल्ड केलेलं नाही. पण फिटिंग एकदम परफेक्ट आहे. दहापैकी नऊ!"

माझं डोकं फिरलं. पोरीच्या घराचं नुसतं फाटक बघून 'पसंत आहे' म्हणण्यातला हा प्रकार. आमच्या कारखान्यात गेज न लावता कुणी 'ओके' लिहिलं असतं, तर आमचे संभाजी फोरमन त्याला कॉलर धरून गेटपर्यंत सोडायला गेले असते.

मी एका बोटानं, अर्धा तास खपून, त्या तेजसला खाली लिहिलं: 'गाढवा, जोडलं नाहीस तर फिटिंग कुणाला विचारलंस? तुझ्या आजोबाला?'

दोन मिनिटांत उत्तर आलं: 'ताई, चिल! एवढं कळतं, तर तुम्हीच रिव्ह्यू करून दाखवा ना.'

ताई? हे मला उमगेना. संध्याकाळी अपेक्षा ऑफिसातनं आली, ती चप्पल न काढताच माझ्यापुढं उभी राहिली.

"अण्णा, माझ्या टीममधला एकजण विचारतोय, की मी नेटवर कुणाला गाढव म्हणले?"

टॅब तिचा, म्हणजे नाव तिचं आणि फोटोही तिचा, लग्नातला, मुंडावळ्या बांधलेला. त्या फोटोखाली माझी भाषा. (बारा दिवसांत मी एकूण एकतीस जणांना लिहिलं होतं. ते मी तिला तेव्हा सांगितलं नाही. वेळ बरी दिसत नव्हती.)

पण 'करून दाखवा' हे माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच. किट मागवलं. महालक्ष्म्या यायला दहा दिवस असताना ते घरी आलं. दोनशे चौदा भाग.

"आलं का? लागा जोडायला," गोदाबाई म्हणली.

"असं जोडत नसतात. आधी तपासणी."

"कशाची?"

"मालाची. कारखान्यात आलेला माल तपासल्याशिवाय जोडणीला जात नाही. आणि मी ते सगळं व्हिडिओत दाखवणार. रिव्ह्यू कसा असतो, ते कळू दे त्या पोराला."

"व्हिडिओ महालक्ष्म्यांपुढं ठिवायचाय का गलबत ठिवायचंय?"

बायकांना पद्धत समजत नाही, असं मी त्या वेळी मनात म्हणलं.

आतल्या खोलीचं दार लावलं. लोणच्याच्या बरणीला टेकवून फोन उभा केला. पेटीतनं माझा व्हर्नियर काढला. व्हर्नियर म्हणजे केसाएवढा फरक पकडणारी मोजपट्टी. निरोपाच्या दिवशी दोस्तांनी वर्गणी काढून दिलेली. एकेक भाग कापायचा, मोजायचा, वहीत लिहायचा. डोलकाठी क्रमांक एक, पास. डोलकाठी क्रमांक दोन, वाकडी, नापास. आणि नापास भाग हातावेगळा कसा करायचा, ते माझ्या हातांना पाठ होतं. पक्कड घ्यायची आणि कट्ट. दोन तुकडे.

का? अहो, नियमच तसा. नापास भाग शाबूत ठेवला, तर दुसऱ्या पाळीचा कुणी शहाणा तो उचलून मशिनला लावतो, मशिन बसतं आणि बोलणी पहिल्या पाळीला. म्हणून तिथल्या तिथं मोडायचा. संभाजी फोरमननी पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. बत्तीस वर्षांत एक नापास भाग माझ्या हातनं सुटला नाही.

रोज गोदाबाई दाराबाहेरनं विचारायची, "झालं का?"

"तपासणी चालू आहे."

आतनं कट्ट, कट्ट असा आवाज यायचा. तिला वाटायचं, जोडणी चालू आहे. बिचारी खूश होऊन मला दुपारी दुसरा चहा द्यायची. (तो मी घ्यायचो. खोटं कशाला बोलू.)

महालक्ष्म्या आल्या त्या दिवशी दुपारी तपासणी संपली. मी दार उघडून आनंदला हाक मारली. त्यानं आधी व्हिडिओ बघितला. म्हणजे थोडा बघितला. सगळा मिळून सहा तासांचा होता.

"अण्णा, ह्यात तुम्ही बोलतच नाही. नुसतं पास, नापास, कट्ट."

"कामात बोलत नसतात."

"बरं. भाग एकमेकांत बसतात का?"

"जोडलं नाही अजून."

"जोडून झाल्यावर लांबी किती?"

"जोडल्याशिवाय कशी सांगू?"

"मग त्या तेजसमध्ये आणि तुमच्यात फरक काय?"

"मी दहापैकी नऊ दिले नाहीत. दोन दिलेत."

मग तो पास झालेल्या भागांच्या डब्यात डोकावला. बराच वेळ चाळत राहिला.

"अण्णा, गलबताचं बूड कुठंय?"

"नापास. डावा अर्धा उजव्यापेक्षा चार दशांश मिलिमीटर वाकडा."

"ते ठीक आहे, पण आहे कुठं?"

मी टेबलाखालच्या बादलीकडं बोट दाखवलं. बादलीत बहात्तर भाग होते. म्हणजे मोजले तर एकशे चव्वेचाळीस.

आनंदनं कपाळाला हात लावला. मी अजूनही शांत होतो. नापास माल पुरवणाऱ्यानं बदलून द्यायचा असतो, ही जगाची रीत. मी दुकानदाराला फोन लावला.

"सर, भाग तुटके आलेत का?"

"नाही, आले तेव्हा चांगले होते. म्हणजे नापास होते, पण अख्खे होते."

"मग तुटले कसे?"

"मी मोडले."

"का, सर?"

"कुणी चुकून वापरू नयेत म्हणून."

पलीकडं कागद चाळल्याचा आवाज आला. मग तो बाबा सावकाश म्हणला, "सर, आमच्या तक्रारींच्या यादीत हे कारण नाहीये."

"माझ्याकडं पुरावा आहे! सहा तासांचा व्हिडिओ आहे!"

"तो आम्हाला पाठवू नका, सर. तुमच्याच विरोधात जाईल."

मी फोन ठेवला आणि वळलो. दारात गोदाबाई उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती ओरडेल, भांडी आपटेल, अशी मी तयारी केली. पण ती वळून सरळ आराशीपुढं जाऊन उभी राहिली. समुद्र तयार होता, फेस तयार होता, उद्या संध्याकाळी हळदीकुंकवाला सव्वीस बायका येणार होत्या, आणि मधोमध टीचभर मोकळी जागा. ती त्या जागेकडं बघत राहिली. डोळ्याला पदर लावला. बेचाळीस वर्षांत तिनं माझ्याकडं सोनं मागितलं नाही, साडी मागितली नाही. एक गलबत मागितलं होतं.

मला कुठं तोंड लपवावं, ते कळेना. मी बादलीतले तुकडे गोंदानं चिकटवायला बसलो. दोन चिकटले. त्यातलं एक माझं बोट होतं.

तेवढ्यात स्वयंपाकघरातनं परात ओढल्याचा आवाज आला.

आमच्याकडं महालक्ष्म्यांच्या डोक्यावर फुलोरा बांधतात. करंज्या, पापड्या, वेणी, फणी, सगळं पिठाचं तळून दोऱ्यानं टांगायचं. त्याच्यासाठी पीठ भिजवलेलंच होतं. गोदाबाईनं त्यातला मोठा गोळा घेतला. वीतभर लांब करंजीसारखं बूड केलं आणि काठाला मुरड घातली. ते कढईत सोडून झाऱ्यानं दाबून धरलं, तर ते मधे पोकळ, काठ उभे असं वर आलं. पापड्या गरम असताना लाटण्यावर वाकवून ठेवल्या. वारा भरलेली शिडं तयार! डोलकाठ्या पिठाच्या, चिकटवायला गुळाचा पाक, आणि दोऱ्या म्हणून घरच्या शेवया. अपेक्षा शेजारी उभी राहून पापड्या धरत होती. दीड तासात गलबत ताटात.

मी व्हर्नियर घेऊन जवळ गेलो. सवय, दुसरं काय.

"डावी बाजू जरा तीन मिलिमीटर—"

"निवद हाय त्यो," गोदाबाई म्हणली. "आन झाऱ्या अजून गरम हाय."

मी व्हर्नियर पेटीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बायका आल्या आणि समुद्रापुढं घोळका करून उभ्या राहिल्या. "अगं बाई, हे खायचं आहे?" "शिडं बघ, शिडं!" शेवटी पद्मजाताई आल्या. हळदीकुंकू घेतलं, चष्मा पुसला आणि वाकून बघितलं. गोदाबाई एकदा त्यांच्या चष्म्याकडं, एकदा शिडांकडं बघत होती.

"हं," पद्मजाताई म्हणल्या. "सुरेख आहे."

पेठेत 'सुरेख' हा शब्द माणशी एकदा, तोही बारशाला वापरतात. गोदाबाईचा चेहरा असा उजळला, की समईची गरज राहिली नाही.

मग पद्मजाताई माझ्याकडं वळल्या. "आणि तुम्ही दहा दिवस दार लावून काय करत होतात? कट्ट-कट्ट आवाज आमच्यापर्यंत येत होता."

"तपासणी," मी म्हणलं. "नापास झालेलं आम्ही मोडून टाकतो. घरात ठेवत नाही. नियम आहे."

गोदाबाई त्यांच्या ओटीत तांदूळ घालत होती. मान वर न करता म्हणली, "आमच्यात तसं न्हाई बाई. मी बी बेचाळीस वर्षांमागं एक नापास केलावता. पर मोडला न्हाई. वापरायलेय अजून."