पिना जप्त करणारे आप्पा

आमच्या जळकोटात दत्तूआप्पा घरात शिरले की बायका आधी डोक्यातल्या पिना लपवतात. आप्पा आमचे शेजारी. सत्तरी ओलांडलेले, शेत मुलाच्या हवाली करून मोकळे झालेले. लेकरं असलेल्या घरात काडी, पिन, खिळा दिसला की तो त्यांच्या खिशात गेलाच. परत मागायला जावं तर एकच शब्द, "जप्त."

एका लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले पाहुणे गाडीच्या किल्लीनं कान कोरत होते. आप्पांनी किल्ली काढून घेतली आणि शांतपणे म्हणाले, "ही गाडीला लावा. डोकं अशानं चालू होत न्हाय." पाहुणे नेमके नवरदेवाचे मामा निघाले. मंडळी माफी मागा म्हणाली, तर आप्पा जिलबी सोडून उठले, पण माफी मागितली नाही.

गेल्या वर्षी आमच्या धाकट्या नातवाच्या बारशाला माझ्या नातीनं, चार वर्षांच्या स्वरानं, ओटीतला हरभरा कानात घातला. सगळं घर गोळा झालं. कुणी म्हणे कोमट तेल सोडा, कुणी म्हणे पाणी. तेवढ्यात माझी थोरली बहीण पुढं आली. आक्कापुढं आमच्या वडिलांचाही आवाज निघत नसे. तिनं अंबाड्यातली पिन उपसली.

आप्पा मधे उभे राहिले. पाण्यानं दाणा फुगतो, पिनेनं आणखी आत सरकतो, हात न लावता डॉक्टरकडं न्यायचं, असं त्यांनी सगळ्यांना ठणकावलं.

आक्का तडकली. "पोरगी आमची हाय. तुमी कोण सांगणार?"

"पोरगी तुमची," आप्पा म्हणाले, "पण कान तिचा हाय. पिन घालायचीच असंल तर आधी माझ्या कानात घाला."

मी तेवढ्यात स्वराला उचललं आणि आप्पांना घेऊन गाडी काढली.

नळदुर्गच्या डॉक्टरांनी उजेडात बघून दाणा अलगद काढला. पडद्याला काही झालं नव्हतं. माझा हरभरा मला द्या म्हणून स्वरा रडली, तेवढंच.

येताना रस्त्यावरच्या टपरीत चहाला थांबलो. आक्काला भिडायची हिंमत कुठून आणली, असं मी आप्पांना विचारलं. त्यांनी चहा बशीत ओतला. मग म्हणाले, लहानपणी त्यांच्याही कानात ज्वारीचा दाणा गेला होता. आईनं पिनेनं काढला, मायेनंच. दाणा निघाला, पण उजवा कान कायमचा गेला.

"आईला सांगितलं नाही?"

"काय सांगू? जल्मभर झुरली असती."

म्हातारपणी आई ओट्यावर त्यांच्या उजवीकडं येऊन बसायची. सुनेशी, लेकीशी जे बोलता यायचं नाही ते हलक्या आवाजात त्याच कानात सांगायची. बाजू बदलली तर तिला कळेल, म्हणून आप्पा जागचे हलायचे नाहीत.

"म्या आपला व्हय व्हय करायचो," आप्पा म्हणाले. "काय सांगत हुती, ते ऱ्हाऊनच गेलं."